तीन तास पंचवीस मिनिटं

"काटा सुरू केला का, सायेब?" डोमाजीनं विचारलं.

"केला," मी म्हणालो. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

डोमाजीनं तोंडातला तंबाखू थुंकला, हातोडा खांद्यावर टाकला, लाल-हिरवी झेंडी काखेत धरली आणि रुळांखालच्या स्लीपरांवर पाय ठेवून चालायला लागला. दहा पावलं गेला असेल-नसेल, माझ्या लक्षात आलं की हा माणूस खोटा चालतोय. मांडवात नवरदेव चालतो ना, एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं, तसं त्याचं चाललं होतं. चौतीस वर्षं रोज लाइनवर चाललेला माणूस असा चालत नाही. पण मी कशाला बोलू? मला मोजायला पाठवलं होतं, मी मोजत होतो.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. रेल्वेत आमचं एक खातं होतं, त्याचं काम म्हणजे दुसऱ्यांचं काम मोजायचं. कोण किती वेळात काय करतो ते घड्याळ लावून पाहायचं, आणि एवढी माणसं कशाला पाहिजेत असं वर लिहून कळवायचं. लोक आम्हाला काटेवाले म्हणत. आम्ही स्टेशनात उतरलो की चहावाला सोडला तर कोणाच्या तोंडावर हसू नसे. खोटं कशाला बोलू, त्या वयात मला ते आवडायचं.

सावरडोहची लाइन म्हणजे छोटी लाइन. रुळांतलं अंतर हातभर, इंजिन म्हणजे खेळणं. दिवसातून दोन गाड्या जायच्या, दोन यायच्या. आमचे साहेब नाफडे रात्रीच्या गाडीत मला म्हणाले होते, "खानझोडे, ही लाइन एक रुपया कमवायला तीन रुपये सत्तर पैसे खाते. बंद करायची तर आमदार ओरडतात. मग राहतं काय? जमीन आणि माणसं. जमीन मी बघतो, माणसं तू बघ." त्या लाइनच्या कडेनं रेल्वेची दोनशे एकरांवर जमीन होती. जुन्या रुळांचे तुकडे उभे गाडून तिची हद्द दाखवलेली होती. नाफडे साहेब स्टेशन मास्तरला घेऊन सकाळपासून ते तुकडे मोजत फिरत होते. आंबे किती, विहिरी किती, रिकाम्या खोल्या किती आणि रिकाम्या होऊ शकतील अशा किती, सगळं त्यांच्या यादीत होतं.

डोमाजी नेवारे हा लाइनवरचा चाबीवाला. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी लोखंडी पाचर असते, तिला चाबी म्हणतात. गाडीच्या धक्क्यानं ती ढिली होते. चाबीवाल्यानं रोज सकाळी आपल्या वाट्याची लाइन चालून जायची, ढिली चाबी हातोड्यानं ठोकायची आणि परत यायचं. वाट्याच्या लाइनीला बीट म्हणतात. सावरडोहला तीन चाबीवाल्यांच्या तीन बिटा होत्या, प्रत्येकी सहा किलोमीटरची. आमचा हिशेब सोपा होता. जाऊन-येऊन साडेतीन तासांच्या वर लागले तर बिटा तशाच राहतील. साडेतीनच्या आत झालं तर माणसाला काम कमी आहे, तीन बिटांच्या दोन करा, एक जागा कापा.

कोणती जागा कापली जाईल ते सगळ्यांना ठाऊक होतं. डोमाजी एकतीस मार्चला निवृत्त होणार होता. तीच जागा भरायची नाही, झालं. कोणाला काढायला नको, कोणाची ओरड नको.

हे मला सकाळी प्लॅटफॉर्मवर बकाराम मेटनं सांगितलं. मेट म्हणजे लाइन दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या गँगचा मुख्य. त्यानं मला चहा दिला, बशी स्वतः पुसून दिली आणि म्हणाला, "सायेब, तुमाले एक सांगतो. डोमाजीची पोरगी हाय, पंचफुला. नवरा साप चावून मेला. सहा वर्षं झाले, आमच्या गँगमंदी रोजीवर काम करून राहिली. पक्क्या नोकरीच्या यादीत तिचा पयला नंबर हाय. बापाची जागा खाली झाली की तिले भेटते. अन् जागाच नाई राहिली, तं यादी चाटत बसा."

"मी काय करू त्यात?" मी म्हणालो.

"तुमी काईच नोका करू. मी डोमाजीले सांगून ठेवलं हाय, हळू चाल म्हनून. तुमी फक्त पाहून घ्या."

असं चालत असे तेव्हा. आम्ही आलो की सगळी रेल्वे हळू चालायची. फावडं हळू उचलायचं, बोल्ट हळू आवळायचा. आम्हालाही ते ठाऊक असायचं आणि त्यांनाही ठाऊक असायचं की आम्हाला ठाऊक आहे. दोन्हीकडून मान राखून सगळं चालायचं. त्यात वाईट काय? कोणाच्या तरी घरात चूल पेटायची.

माझी फाइल आणि पाण्याची बाटली धरायला मेटनं पंचफुलेलाच बरोबर दिलं. ती माझ्या मागून चालत होती. अंगावर निळं लुगडं, त्यावर नवऱ्याचा असावा तसा मोठा स्वेटर, पायात टायरच्या चपला. एक शब्द बोलत नव्हती. पण बापाची पावलं जरा लांब पडायला लागली की ती खोकायची. ती खोकली की डोमाजी दचकायचा आणि पुन्हा नवरदेव व्हायचा.

सकाळ कडक थंडीची होती. दोन्ही बाजूंना कापून झालेलं धान आणि त्यात पेरलेली लाखोळी. डोमाजी हातोड्याचं टोक रुळाला लावत जायचा. त्याला खाली बघावंही लागत नव्हतं. मधेच थांबायचा, दोन घाव घालायचा आणि पुढे. एका ठिकाणी मी विचारलं, "कळतं कसं?"

"आवाज येते ना जी. ढिल्ली चाबी रडते."

एवढं बोलताना त्याचा चेहरा खुलला. पण लगेच मागून खोकला आला आणि तो गप्प झाला. खरं सांगतो, त्याची मला कीव यायला लागली. खोटं बोलणं सोपं असतं, खोटं चालणं फार अवघड. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

बिटेच्या दुसऱ्या टोकाला घोटीटोला नावाचा थांबा होता. तिथे पोचायला बरोबर दोन तास लागले. मी वहीत नऊ दहा लिहिलं. दोन जायचे, दोन यायचे, म्हणजे चार. जागा वाचली होती. पंचफुलेनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. तिनं थांब्यावरच्या म्हातारीकडून तीन कप चहा आणला आणि माझ्या कपाखाली आपल्या पदराचं टोक धरून मला दिला, चटका बसू नये म्हणून.

आणि मग मी बोललो. बोलायची काय गरज होती? काही नव्हती. कामाचा माणूस गप्प बसतो, रिकामटेकडा बोलतो. थंडीत गरम चहा मिळाला, मी सैलावलो, आणि माझ्या मते मी त्याला बरं वाटावं म्हणूनच बोललो.

"डोमाजी, मार्चमध्ये सुटलात बघा. या वयात एवढी बीट झेपत नाही माणसाला. पाहिलं मी आज. पाय ओढत चालता तुम्ही."

डोमाजीनं कप खाली ठेवला. त्यात अर्धा चहा तसाच होता.

"मी पाय वढतो?" तो म्हणाला.

"वयच झालं. त्यात काय एवढं?"

"बाबा," पंचफुला म्हणाली, "सायेब मस्करी करून राहिले."

डोमाजीनं हातोडा उचलला. "काटा सुरू हाय ना, सायेब? चाला."

परतीला तो जो निघाला, त्याचं वर्णन मी काय करू. एकेका पावलात एकेक स्लीपर, ना कमी ना जास्त. हातोडा रुळावरून वाजत चाललेला. टण, टण, टण, मधेच एक आवाज बोदा यायचा, की तो न थांबता वळायचा, दोन घाव, आणि पुढे. मी बूट घालून पळत होतो आणि तरी मागे पडत होतो. सत्तावन्न वर्षांचा माणूस तो.

पंचफुला खोकली. मग पुन्हा खोकली. मग खोकायचं सोडून तिनं हाकच मारली, "बाबा, हळू."

त्यानं ऐकलं नाही. ती पळत पुढे गेली आणि त्याच्या बाजूनं खडीतून चालायला लागली. तिचं बोलणं मला तुटक ऐकू येत होतं. "बाबा, माह्या पोरींकडे पाहा... मेटनं काय सांगतलं होतं... बाबा, पाया पडतो तुमच्या." तो समोर बघत चालत राहिला. दोन रूळ जोडणाऱ्या एका फिशप्लेटपाशी मात्र थांबला, पाना काढला, बोल्ट आवळला, हातानं चाचपून पाहिला आणि मला म्हणाला, "पाहून घ्या, सायेब. नाई तं म्हाताऱ्यानं सोडला म्हनसान."

सावरडोहच्या सिग्नलपाशी त्यानं हातोडा टेकवला तेव्हा दहा पस्तीस झाले होते. मी धापा टाकत त्याच्या मागून आलो. त्याला घाम आला होता, पण श्वास एकदम शांत.

"किती झालं?" त्यानं विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. दोनदा पाहिलं. चहाची दहा मिनिटं धरून तीन तास पंचवीस.

त्याला हसू आलं. त्या दिवसात पहिल्यांदाच हसला असेल. "येताना लागलं ना, दर रोज तेवढंच लागते. आज जाताना उशीर झाला, नाई तं अडीच तासाचं काम हाय." आणि त्याचं लक्ष पोरीकडे गेलं. पंचफुला खडीवरच बसली होती. माझी फाइल तिनं छातीशी धरली होती आणि ती रडत नव्हती, नुसती बसली होती. तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा म्हणतात ते हे. पण धोंडा त्याच्या हातात दिला मी. ते मला तिथेच कळलं, आणि फार वाईट वाटलं. मी काही राक्षस नव्हतो हो.

आम्ही प्लॅटफॉर्मच्या कडेला बाकावर बसलो. नाफडे साहेब लांब विहिरीपाशी टेप धरून उभे होते. मी फॉर्म काढला आणि हळूच म्हणालो, "डोमाजी, मी तीन तास पस्तीस लिहितो. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. घड्याळ माझं, कोण विचारणार? खाली तुमची सही लागते, तेवढी करा."

पंचफुला उठून जवळ आली.

डोमाजीनं फॉर्म हातात घेतला. त्याला वाचता येत होतं, चाबीवाल्याला रोज डायरी लिहावी लागते. किती चाब्या ठोकल्या, कुठे बोल्ट आवळला, किती वाजता परत आला. चौतीस वर्षांच्या त्या डायऱ्या त्याच्या घरी पेटीत होत्या असं मला नंतर कळलं. तो फॉर्म त्यानं सावकाश वाचला आणि मला परत दिला.

"जे झालं ते लिहा, सायेब."

"अहो, तुमच्याच पोरीसाठी सांगतोय."

"समजते मले. पन सही माही लागते ना? मंग खोट्यावर नाई करत."

"बाबा, करा सही," पंचफुला म्हणाली.

"पंचे, आजवर एक खोटी नोंद नाई केली म्या. सकाळी तुह्यासाठी खोटा चाललो, तेच मले जड होऊन राहिलं. आता कागदावर लिहून देऊ का, चौतीस वर्षं मी पाय वढत होतो म्हनून?"

"त्या डायरीनं तुमाले भाकर देल्ली, बाबा. मले कोन देईल?"

ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या हातांच्या भेगा मला दिसत होत्या, खडी ओढून ओढून पडलेल्या. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सायेब, तुमीच करा ना त्याहीची सही. कोन पाहून राहिलं?"

मी डोमाजीकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. त्या नजरेसमोर मला ते जमलं नाही. मी तीन तास पंचवीस मिनिटं लिहिलं आणि फॉर्म पुढे केला. त्यानं सही केली, मोठ्या गोल अक्षरात, पूर्ण नाव. डोमाजी लक्ष्मण नेवारे.

आणि आता मनातलं सांगतो. त्या सहीनं मला हायसं वाटलं. मी माझ्याकडून प्रयत्न केला, त्यानंच ऐकलं नाही, त्याची पोर आणि तो. पाप त्याच्या माथी, मी मोकळा. नाफडे साहेबांनी फॉर्म पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "पाच मिनिटांनी वाचलो रे खानझोडे. आणखी सहा मिनिटं लावली असती तर वर काय दाखवलं असतं?"

पुढचं वर्ष मी सावरडोह विसरलो. एकतीस मार्चला डोमाजी सुटला, एक एप्रिलपासून तीन बिटांच्या दोन झाल्या. पंचफुलेची रोजी पावसाळ्यानंतर बंद झाली. गँगच्या चाळीतली त्यांची खोली रिकामी झाली आणि ती रिकामी खोली नाफडे साहेबांच्या जमिनीच्या यादीत बसली. हे सगळं मला कागदावरून कळलं. कागदावर ते चांगलं दिसत होतं.

पण नियम असा होता की जागा कापल्यावर वर्षभरानं जाऊन पाहायचं. लाइनवर काही परिणाम झाला का, ते एका ओळीत लिहून द्यायचं. झाला असेल तर जागा परत द्यायची तरतूद होती. नुसती म्हणायला नाही, खरीच होती. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत मी एकटाच गेलो. नाफडे साहेबांनी निघताना सांगितलं, "तुझं बढतीचं नाव वर गेलंय. सावरडोहची फाइल नीट बंद कर, मग कोणी अडवत नाही."

बकाराम मेट मला ढकलगाडीवर घालून लाइन दाखवायला निघाला. लाइन बघून मी चाट पडलो. एक चाबी ढिली नाही, एक बोल्ट सैल नाही. नवी बीट नऊ किलोमीटरची. तिच्यावर शेजारच्या बिटेचा चाबीवाला आणलेला, पन्नाशीचा, दम्याचा माणूस. तो एवढं कसं करतो?

"चांगलं ठेवलंय तुम्ही," मी म्हणालो.

"हो जी," बकाराम म्हणाला आणि दुसरीकडे पाहायला लागला.

घोटीटोल्याच्या अलीकडे वळणावर मला हातोड्याचा आवाज आला. टण, टण, टण. ढकलगाडी जवळ गेली तसा माणूस रुळावरून उतरून बाजूला उभा राहिला. डोमाजी होता. वाळला होता, पाठ थोडी वाकली होती. हातातला हातोडा रेल्वेचा नव्हता, गावच्या लोहाराकडून करून घेतलेला होता. त्यानं मला ओळखलं आणि सलाम केला.

"इथे काय करता, डोमाजी?"

"काई नाई, सायेब. पहाटे पाय उठवतात. नवा गडी घोटीटोल्यापर्यंत नाई पोचत, बिचाऱ्याचा दम उखडते. मंग इकडची बाजू मी पाहून घेतो." आणि मग जरा ताठ होऊन म्हणाला, "रोज जातो. एक बी खाडा नाई."

मी बकारामकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.

"कधीपासून?"

"एप्रिलपासून," डोमाजी म्हणाला. "एक तारखेपासून."

परत स्टेशनात आलो तर पंचफुला माझी वाट बघत उभी होती. आता ती रेल्वेच्या हद्दीबाहेर राहत होती, त्या गाडलेल्या रुळाच्या तुकड्याला लागूनच एक झोपडी टाकली होती. बिड्या वळून पोट भरत होती. तिच्या बोटांना तंबाखूचा वास येत होता. यावेळी तिनं मला नमस्कार केला नाही.

"पाहिलं ना सायेब, बाबाले?"

"पाहिलं."

"ते काम फुकट होऊन राहिलं. एका पूर्ण मानसाचं काम. ते नाई केलं तं लाइन आठ दिवसात ढिल्ली होते, मेटले विचारा. मंग जागा लागते ना, सायेब? मेट म्हने, तुमी एक ओळ लिहिली तं जागा वापस भेटते. यादीत अजून माहाच पयला नंबर हाय."

"बाई, नोकरीत नसलेला माणूस लाइनवर काम करतो असं लिहिलं तर मेटवर कारवाई होईल. तुझ्या वडलांनाही त्रास होईल." मी हे बोललो आणि ते खोटं नव्हतं. पण ते कारणही नव्हतं. कारण होतं नाफडे साहेबांनी निघताना सांगितलेली बढती. जागा परत दिली म्हणजे गेल्या वर्षीचं माझं मोजमाप चुकलं असं झालं असतं.

बकाराम मागे उभा होता. तो म्हणाला, "माह्यावर कारवाई झाली तं होऊ द्या, सायेब. मी भोगून घेईन."

त्याच्याकडून मला हे अपेक्षित नव्हतं. मी बाकावर बसलो, तोच बाक, आणि फॉर्म काढला. पंचफुला माझ्यासमोर येऊन उभी राहिली, गेल्या वर्षी बापासमोर उभी होती तशीच.

"मागच्या खेपेले तुमी खोटं लिहाले तयार होते," ती म्हणाली. "बाबा नाई म्हने. आता म्या तुमाले खोटं नाई मांगत. जे डोळ्यानं पाहिलं तेच लिहा. अन् आता बाबाची सही बी नाई लागत. तुमचीच लागते."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला राग तरी आणता आला असता.

"बघतो," मी म्हणालो. "वर बोलतो."

तिला काय कळायचं ते कळलं. ती रुळाच्या तुकड्यापलीकडे आपल्या झोपडीकडे निघून गेली.

मी अकरा वीसच्या गाडीत बसलो. डब्यात गर्दी नव्हती, छोट्या लाइनीला ती कधीच नसे. मांडीवर फाइल ठेवली आणि लिहिलं, "कर्मचारी कपातीचा लाइनच्या स्थितीवर कोणताही परिणाम झालेला नाही." लाइनच्या स्थितीवर खरोखरच परिणाम झालेला नव्हता. त्या वाक्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि इतकं खोटं मी आयुष्यात पुन्हा लिहिलं नाही. खाली सही केली, पूर्ण नाव.

बढती मिळाली. त्या एका ओळीच्या आधारावर आणखी चार छोट्या लाइनींच्या बिटा जोडल्या, एकसष्ट जागा गेल्या. सावरडोहचं उदाहरण मीच बैठकीत वाचून दाखवायचो. पुढे लाइनही बंद झाली, चाळीच्या जागेवर धानाचं गोदाम झालं, आणि मी चांगल्या पगारावर निवृत्त होऊन पेन्शन खातो. डोमाजी कधी गेला ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

त्या दिवशीचं एक मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. घोटीटोल्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी हळू झाली. गाडी जाताना लाइनवरच्या माणसानं बाजूला उभं राहून, चाकांवर नजर फिरवून, गाडी ठीक चाललीय असा हात दाखवायचा असतो, तशी पद्धत आहे. डोमाजी उभा होता. त्यानं इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकेक चाक नीट पाहिलं. माझा डबा समोरून गेला तेव्हा मी खिडकीतून आत सरकलो, सहीची शाई अजून ओली होती. त्यानं हात उंच केला आणि गार्डाला दाखवला, सगळं ठीक आहे.